गच्चीचा विषय सभेत येऊ द्या

सौरऊर्जा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेतातला पंप नाहीतर माळरानावरची पॅनेलं येतात. शहराचा त्यात काय संबंध, असं आपण धरूनच चालतो. पण एसी, गीझर, लिफ्ट, रात्री उशिरापर्यंत झगमगणारी दुकानं हे सगळं जास्त कुठे? शहरातच ना! मग बदलाची जबाबदारीही शहरानेच आधी उचलायला हवी.

आमच्या भाईंदरच्या केबिन रोडवर बटण दाबलं की दिवा लागतो, धूर मात्र दिसत नाही. धूर असतो याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, डहाणूला. मुंबईची उपनगरं आणि मीरा-भाईंदर यांना वीज देणारं तिथलं ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झालं. चिकूच्या बागांचा हा तालुका केंद्र सरकारने १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. तरी धुरातला गंधक रोखणारी यंत्रणा बसायला २००७ उजाडलं. उजेड आमच्या घरात आणि सोसायचं डहाणूकरांनी, हा कुठला न्याय?

आता वीज कंपन्या दूरवरून सौर वीजही आणतात. चांगलंच आहे. पण आपल्या डोक्यावरच्या गच्चीचं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एकट्या घराला ३ किलोवॅटसाठी ७८ हजार रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि उन्हाच्या दिवसांत महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वीज मिळते. दुपारी उरलेली वीज कंपनीकडे जाते आणि बिलातून वजा होते.

विषय काढला की सोसायटीतून ठरलेली उत्तरं येतात: ‘गच्ची गळते’, ‘बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार’. ही अडचण खोटी नाही. गळकी गच्ची आधी दुरुस्तच करायला हवी. बिल्डिंग खरंच लवकर पाडायची असेल, तर नव्या इमारतीच्या करारातच सौर पॅनेलची अट घालून घ्यावी. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर ही यंत्रणाही बंद पडते, आणि सात मजल्यांच्या सगळ्या घरांची गरज एका गच्चीवर भागत नाही. म्हणून काटकसर आलीच. वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी उरकता आली तर संध्याकाळी कोळशावरचा ताण तेवढाच कमी.

सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. छोट्या गावाला जमलं ते सोसायट्यांना का जमू नये? तुमच्या गावात तर अजून स्वतंत्र घरं आहेत, छप्पर तुमचंच आहे.

मैत्रिणींनो, घरचं बिल किती आलं हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण सोसायटीच्या सभेला घरातून जातात ते बहुतेक पुरुषच. फ्लॅटवर तुमचं नाव असेल तर येत्या वार्षिक सभेला स्वतः जा. नाव नसेल तर ते लावून घेण्याचा आग्रह धरा. सभेआधी लेखी पत्र देऊन गच्चीचा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा. पापड-कुरडया वाळवताना गच्चीवर ऊन किती वेळ आणि कुठे असतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?