कोण म्हणतं आम्ही मागं राहिलो?

‘काय करून रायला बे आजकाल?’ आमच्या वर्धा जिल्ह्यातला हा सगळ्यात जहरी प्रश्न. पानठेल्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, बुद्धविहाराच्या पायरीवरही विचारतात. उत्तर पाहिजे असतं पुणे, हैदराबाद, निदान नागपूर. पंचविशीतला पोट्टा ‘घरीच हाय’ म्हणाला की विचारणारा नुसती मान हलवतो. त्या मान हलवण्यात निकाल लागलेला असतो. गेला हा कामातून. मायबापाच्या जिवावर जगतो. मागं राहिला.

या निकालावर मी थुंकतो. का थुंकतो ते ऐका.

ही पट्टी कोणाची आहे? पन्नास एकरवाल्याचा पोरगा, अडत्याचा पोरगा तिशी उलटली तरी बापाच्याच घरात राहतो. त्याला कोणी मागं राहिला म्हणत नाही. उलट एकत्र कुटुंब म्हणतात, संस्कार म्हणतात. कारण त्याच्या बापाच्या घराला ओलिताची जमीन जोडलेली आहे, दुकानाचा गल्ला जोडलेला आहे. त्याचं घरी राहणं म्हणजे गादीवर बसणं. आमच्या बापाच्या घराला काय जोडलेलं आहे? रमाई आवासचं घरकुल मिळतं २६९ चौरस फुटांचं. त्यात माय, बाप, आजी, बहीण आणि मिसरूड फुटलेले दोघं भाऊ. छप्पर दोन्हीकडं बापाचंच. पण वाड्यात त्याला परंपरा म्हणायचं आणि वस्तीत ऐतखाऊपणा! दोस्तांनो, ही जातीची पट्टी आहे. तिनं स्वतःला मोजू नका.

मग दुसरा शहाणा उठतो. म्हणतो, बाबासाहेबांनीच सांगितलं ना, खेडं सोडा. बरोबर. ४ नोव्हेंबर १९४८ ला भर संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचं सोवळं फेडलं. आमच्या आज्या-पणज्यांनी खेडी सोडली. कोणी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये गेलं, कोणी पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांत, कोणी मुंबईच्या गोदीत. शहरातही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला शिरू देत नव्हते. तरी महिन्याला पगार होता, हजेरीपटावर नाव होतं. त्याच १९४८ सालात गोदी कामगारांचा कायदा झाला. त्या वेळी मजूरमंत्री होते जगजीवनराम. गेटावर रोज उठून मुकादमापुढं हात पसरणाऱ्या माणसाची नोंदणी झाली, त्याला हक्काची पाळी मिळाली.

ते शहर आता कुठं आहे? एम्प्रेस बंद. पुलगावची कापूस गिरणी बंद. कापसासाठी टाकलेली पुलगाव-आर्वीची छोटी गाडी, तीही बंद. मुंबईच्या गोदीत टोळ्याच्या टोळ्या पाठीवर माल वाहायच्या, तो माल कंटेनरात गेला, आणि कंटेनर खाडीपल्याड न्हावा-शेव्याला गेला. १९८९ साली ते बंदर सुरू झालं. ज्या शहराकडं जा म्हणता त्यानं आपलं दार कधीच बंद केलं. आता आमच्या पोट्ट्यालाच विचारता, तू आत का नाही गेलास?

मी मॅट्रिक. कविता लिहितो आणि गोदीत राबतो. ठेकेदाराचा फोन आला की जनरल डब्यात बसून मुंबई गाठतो, कंटेनर बांधतो, सोडतो. दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण, झोपसुद्धा पाळीनं. स्वतंत्र खोली मागायला गेलो तर भाड्याच्या आधी आडनाव विचारतात. ठेका संपला की गेटपास जमा करायचा आणि परत मायबापाच्या घरी. भाडं आणि खाणावळ भागवून मुंबईत हातात उरतं शून्य. बापाच्या छपराखाली राहिलो तर मायच्या औषधाला चार पैसे निघतात. हा हिशेब आहे. यात लाज कशाची?

आणि हा हिशेब एकट्या मॅट्रिकवाल्याचा नाही. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्हा ८७ टक्के साक्षर निघाला. शिका म्हणाले, शिकलो. बीए झाले, डीएड झाले, एमए झाले. आणि आता पोलीस भरतीच्या आशेवर पहाटे सडकेनं धावतात. जागा निघाली तर परीक्षा नाही, परीक्षा झाली तर निकाल नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं ९ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला. पोरं रस्त्यावर आली, बोंब झाली, तेव्हा ऑक्टोबरात तो मागं घ्यावा लागला. जीआर मागं गेला, पण कंत्राट गेलं का? आणि कंत्राटाच्या दारात आरक्षण किती वेळा आत येतं, ते ठेकेदाराच्या हजेरीपटावरची नावं वाचून सांगा.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. तरी २०१७ साली सिंदी रेल्वेला कोरड्या बंदराची कोनशिला बसली. वर्तमानपत्रं म्हणाली, आता पोरांना मुंबईला जायची गरज नाही. डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी तुकडा खुला झाला. तो आमच्याच जिल्ह्याच्या छातीवरून जातो. गाड्या सुसाट जातात. मायबाई निंदणाला जाते ती मात्र बांधाबांधानं, पायीच. विकास आमच्या अंगावरून पुढं गेला आणि वर आम्हालाच मागं राहिले म्हणतो!

आता आपल्याच माणसांशी बोलतो. जयंतीच्या स्टेजवर दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. ज्याला नोकरी लागली त्याला शाल. व्हावा सत्कार, पोटात दुखत नाही. पण त्या मंडपाच्या खुर्च्या कोण लावतं? पताका कोण बांधतं? रात्री दोनला सतरंज्या कोण गुंडाळतं? तीच ‘घरीच हाय’ वाली पोरं. हळूहळू ती मंडपात येईनाशी होतात. तोंड चुकवतात. दारूबंदीच्या जिल्ह्यात चोरटी बाटली शोधतात. कोणी दोराकडं बघतो. चळवळीला तिच्या शालीचा हिशेब ठाऊक आहे, या पोरांचा नाही. पुढाऱ्यांनो, ज्या चळवळीत फक्त निवडून आलेल्यांची गणती होते ती चळवळ नव्हे, ते वधूवर सूचक मंडळ.

आणि पोट्टेहो, तुम्हालाही सोडत नाही. घरात राहता तर पाहुण्यासारखे राहू नका. माय दिवसभर कापूस वेचून येते आणि तुमचं ताट वाढते, हे चालणार नाही. पाणी भरा, भांडी घासा, चूल पेटवा. बहिणीकडं बघा. ती बीएससी होऊन घरी बसली तर तिला कोणी मागं राहिली असंसुद्धा म्हणत नाही, सरळ स्थळ बघतात. तिची कोंडी तुमच्यापेक्षा मोठी आहे. २६९ फुटांत तिलाही अभ्यासाचा कोपरा लागतो. तो आधी तिला द्या.

मग वस्तीवस्तीत एक रजिस्टर काढा. साधी शाळेची वही चालेल. कोण घरी आहे, काय शिकला, काय शिकली, कोणत्या भरतीची वाट बघतोय किती वर्षांपासून, कोणत्या ठेकेदारानं किती दिवसांची मजुरी बुडवली. पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, देवळी, सेलू, सगळीकडची नावं एका वहीत आली की प्रत्येकाच्या पोटातली एकट्याची लाज संपेल आणि उरेल ती मागणी. ती वही घेऊन वर्ध्याच्या कलेक्टर कचेरीवर जाऊ. मायबापांनाही सोबत घेऊ, पुढच्या रांगेत. पंचवीस वर्षं त्यांनीच पोसलं. सरकारनं काय पोसलं ते सरकारनं सांगावं.

जयभीम.