ट्रंक, आरसा आणि मेघ

आमच्या माळ्यावर हिरव्या रंगाची एक पत्र्याची ट्रंक आहे. आजोबा नोकरीच्या निमित्ताने इंदुरास आले तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली आणि पुढे कुटुंबाची छायाचित्रे ठेवण्याच्या कामी लागली. तिची कोणी खास निगा राखल्याचे मला आठवत नाही. एका पावसाळ्यात माळा गळला, एकदा कसरीने एका आल्बमची चार पाने खाल्ली. तरीही आजीच्या मांडीवर बसलेले, टोपरे घातलेले माझे वडील आजही त्या फोटोत स्पष्ट ओळखू येतात. दुर्लक्ष सोसण्याची ही शक्ती जुन्या छायाचित्रांचा फार मोठा गुण होता. फोनमधल्या छायाचित्रांत तो मुळीच नाही, हे मला जरा महागात कळले, म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहितो आहे.

२०२३च्या दिवाळीत माझा फोन भरला. नवा फोटो निघेना, आलेला निरोप उघडेना. सुट्टीची दुपार होती. चष्मा लावून बसलो आणि दोन तासांत हजारभर छायाचित्रे पुसून टाकली. मनात धास्ती नव्हती, कारण पुण्यास जाण्यापूर्वी मुलाने सांगून ठेवले होते, "बाबा, तुमचे सगळे फोटो क्लाउडवर जातात, आता काळजी करू नका." वर एक प्रत आहे, मग खालची गेली तर बिघडले कुठे, असा माझा सरळ हिशेब. शाळेतला मोडका बाक निकालात काढायचा झाला तरी आम्हांला समिती नेमावी लागते, तिघांच्या सह्या घ्याव्या लागतात. येथे समिती नव्हती आणि सही मागणारेही कोणी नव्हते.

पुढे फेब्रुवारीत आईचे वर्षश्राद्ध आले. बडोद्याहून ताईचा फोन आला, "अरे, गणपतीतला आईचा मोदक वळतानाचा फोटो तेवढा काढून ठेव. तसबिरीला तोच देऊ. त्यात ती हसते आहे." तो फोटो २०२२च्या गणेश चतुर्थीचा, पुढच्या गणपतीला आई नव्हती. मी फोनमध्ये शोधले, नाही. क्लाउडवर शोधले, तेथेही नाही. संगणकावर तो कधी उतरवलाच नव्हता. दोन दिवसांच्या शोधानंतर भाच्याच्या व्हॉट्सॲपमध्ये, त्याला मीच पूर्वी पाठवलेली, एक प्रत सापडली. ती घेऊन राजवाड्याजवळच्या एका स्टुडिओत गेलो. तेथील गृहस्थांनी ती पडद्यावर मोठी करून दाखवली. ताट दिसत होते, मोदक दिसत होते. आईचे डोळे मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखे झाले होते. "सर, ओरिजिनल ले आइए," ते म्हणाले. ओरिजिनल मीच पुसले होते.

दोष कोणत्याही यंत्राचा नव्हता, माझ्या समजुतीचा होता. मी क्लाउडला दुसरी ट्रंक समजत होतो. तो होता आरसा. आरशासमोरचा दिवा विझवला की आरशातलाही विझतो. गूगल फोटोजमध्ये छायाचित्रे वर पाठवण्याची सोय चालू असेल, तर त्या ॲपमध्ये एखादे छायाचित्र पुसताच ते फोनमधून जाते, खात्यातूनही जाते, आणि त्या खात्याशी जोडलेल्या इतर उपकरणांवरूनही दिसेनासे होते. आयफोनच्या आयक्लाउड फोटोजची रीतही हीच. चूक ध्यानात आली तर परतीची मुदत असते: गूगलच्या खात्यात पोहोचलेले छायाचित्र कचरापेटीत ६० दिवस राहते, ॲपलकडे ३० दिवस. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत किती दिवस होतात, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

केवळ फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी निराळी सोय असते. गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' नावाचे बटण आहे. वर सुखरूप पोहोचलेल्या छायाचित्रांच्या फोनमधील प्रती तेवढ्या ते काढून टाकते आणि वरच्या प्रती जागच्या जागी राहतात. आयफोनवर 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' हा पर्याय निवडला, की जागा कमी पडू लागताच मूळ छायाचित्र वर ठेवून फोनमध्ये लहान आवृत्ती ठेवली जाते. खरे म्हणजे माझ्या फोनमधली निम्मी जागा रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभातांनी, गुलाबांनी आणि सुविचारांनी व्यापली होती. मी त्यांना सोडून आईवर हात चालवला, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

आता त्या व्हॉट्सॲपच्या प्रतीविषयी. आपल्या समाजात बहुतेक घरांचा कौटुंबिक आल्बम आज तेथेच भरतो आहे. मुलगी हैदराबादेस, भाऊ बेळगावास, पुतण्या परदेशी. मुंजीचे फोटो सर्वांना मिळाले की आपण निश्चिंत होतो. पण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र वाटेत आकसते. साध्या फोनचे १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र सुमारे ४००० ठिपके लांब आणि ३००० ठिपके रुंद असते. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात असे धरले, तर ते १३ इंचांपर्यंत निर्वेधपणे मोठे करता येते. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने गेलेल्या प्रतीची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांची राहते. म्हणजे पाच इंचांपुढे तिची ताकद संपते. शिवाय फोटो कधी काढला, ही फाइलच्या पोटात असलेली नोंदही वाटेत गळते आणि प्रतीवर ती मिळाल्याची तारीख चढते. यावर उपाय फार सोपा आहे. मूळ छायाचित्र पाठवायचे तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. मग ते जसेच्या तसे पोहोचते.

क्लाउडला मराठीत मेघ म्हणावे तर आम्हां माळव्यातल्या माणसांना कालिदास आठवतो. त्याच्या यक्षाने मेघाला निरोप दिला आणि वाट वाकडी करून उज्जयिनीवरून जाण्याची विनंती केली. निरोपासाठी मेघ ठीक आहे. ठेवीसाठी मात्र त्याच्या अटी आधी वाचल्या पाहिजेत. हा मेघ म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या संगणकावर घेतलेली जागा. गूगल फोटोज २०१५ साली सुरू झाले तेव्हा किंचित लहान केलेली छायाचित्रे अमर्याद आणि फुकट ठेवता येत. १ जून २०२१पासून ती सवलत बंद झाली. आता नवे छायाचित्र १५ जीबीच्या मोजक्या जागेत धरले जाते आणि त्याच जागेत आपल्या जीमेलची पत्रे व ड्राइव्हमधील कागदही असतात. ॲपलकडे फुकट जागा ५ जीबी. एक छायाचित्र तीन-साडेतीन एमबीचे धरले, तर १५ जीबीत चार-पाच हजार मावतील. नातवाच्या रांगण्याच्या उत्तम प्रतीच्या चित्रफिती काढणाऱ्या घरात ती जागा एका वर्षात संपते. पुढे मासिक भाडे. भाडे देण्यात गैर काही नाही, पण आपण भाडेकरू आहोत याचा विसर पडू नये.

दोन वर्षे जे खाते कोणी उघडतच नाही, ते आतील सर्व सामग्रीसह काढून टाकण्याचा अधिकार गूगलने आपल्या नियमांत राखून ठेवला आहे आणि डिसेंबर २०२३पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आमच्या आप्तांपैकी एक गृहस्थ २०२१च्या साथीत गेले. मुलीच्या लग्नाची सारी छायाचित्रे त्यांच्या खात्यात होती. परवलीचा शब्द ठाऊक नाही. खात्रीसाठीचा आकडा त्यांच्या मोबाइलवर येणार, आणि तो नंबर घरच्यांनी कारण उरले नाही म्हणून बंद करून टाकलेला. वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, घर त्यांच्या नावावरून माझ्या नावावर झालं, मग हे का होत नाही?" मजजवळ उत्तर नव्हते. गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खाते तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या माणसांना कळवावे आणि आपण ठरवलेली सामग्री त्यांना द्यावी, असे त्यात आधीच लिहून ठेवता येते. ॲपलने २०२१ सालापासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' दिला आहे. इच्छापत्र करायला आपण लोक कचरतो. हे त्याहून सोपे आहे, वकील लागत नाही.

येथे इंदूरशी जोडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८६६ साली इंदुरात बांधकाम खात्याच्या नोकरीस आलेले लाला दीनदयाळ येथेच छायाचित्रणाकडे वळले, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय लाभला, आणि पुढे हैदराबादेस निजामांच्या दरबारी ते राजा दीनदयाळ झाले. ते १९०५ साली वारले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. म्हणजे मधली चौऱ्याऐंशी वर्षे त्या काचा टिकून होत्या. काच फुटते हे खरे, पण तिला पासवर्ड लागत नाही.

आमच्या घरी आता काय चालते ते थोडक्यात सांगतो. मुळात सूत्र अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेले आहे: तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फोन तारेने संगणकाला जोडून छायाचित्रे उतरवतो, आणि ती संगणकावर उघडून पाहिल्यावाचून फोनमधली एकही पुसत नाही. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि पुढे प्रसंग. म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. तीच सामग्री एका हार्ड डिस्कवर जाते आणि ती डिस्क काम होताच काढून कपाटात ठेवली जाते. सदैव जोडून ठेवलेली डिस्क वीज कडाडली की संगणकाबरोबरच जाते. दुसरी डिस्क बडोद्यास ताईकडे असते. दिवाळीत ती येते आणि नवी भर घेऊन परत जाते. मेघातली प्रत आहेच, पण तिच्यावर भिस्त नाही. जे आधीच वर आहे ते सर्व खाली आणायचे असेल तर गूगलची 'टेकआउट' ही सोय वापरावी. आमच्या घरच्या इंटरनेटवर त्याला एक रात्र आणि थोडा संयम लागला. पेनड्राइव्हवर विसंबू नये. तो नेण्या-आणण्यासाठी आहे, वर्षानुवर्षे सांभाळण्यासाठी नव्हे. हार्ड डिस्कही अमर नसते. वर्षातून एकदा जोडून पाहावी आणि चार-पाच वर्षांनी नवी घ्यावी.

सौ.चे म्हणणे पडले, "एवढे सांभाळता, पण त्यात कोण आहे हे कुठे लिहिले आहे?" ते खरे होते. जुन्या फोटोंच्या पाठीवर पेन्सिलीने नावे तरी असत. म्हणून गेल्या काही महिन्यांपासून प्रत्येक फोल्डरात एक साधी फाइल ठेवतो आणि तीत डावीकडून क्रमाने नावे लिहितो. त्याच ओघात ट्रंकही उघडली आणि जुन्या छायाचित्रांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही नावांसह डिस्कवर घालण्यास आरंभ केला.

त्यात एक हळदीकुंकवाचा फोटो निघाला. पाठीवर आजीच्या अक्षरात 'संक्रांत, रामबाग' एवढेच. नऊ बायका, त्यांत माझी आई अगदी कोवळी, नुकती लग्न होऊन आलेली, आणि हसते आहे. डोळे स्वच्छ दिसतात. आठ जणींची नावे काकूंनी पटापट सांगितली. डावीकडून तिसरी कोण, यावर मात्र काकू आणि ताई यांचे जुळेना. काकू म्हणतात देवासच्या आत्याबाई, ताई म्हणते आईची शेजारीण. मी दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे, आणि मूळ फाइल दोघींना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली आहे.