विश्लेषण : रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला तर?

शिकार म्हणजे बंदुकीचा बार, हा समज अजून गेलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्राणी पकडणे, फासकी लावणे, आमिष ठेवणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणेही शिकारच आहे.

शिक्षा किती?

ठाण्यालगतचे येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे ससा मारला तरी ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. उद्यानाबाहेर हीच शिक्षा बिबट्या, घोरपड, खवले मांजर अशा पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी आहे. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत. त्याच्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पिकांचे काय?

मुरबाड, शहापूरच्या शेतकऱ्यांची अडचण खरी आहे. कलम ११ नुसार, पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्याची लेखी परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतात. पण ती रानडुकरापुरतीच, आणि फासकीला डुक्कर-बिबट्या कळत नाही. शिवाय मारलेले जनावर सरकारजमा होते. मांस घरी नेले तर नवा गुन्हा.

‘माहीत नव्हते’ चालते का?

नाही. कायद्याचे अज्ञान हा बचाव होत नाही. मांस किंवा कातडे सापडले, तर ते बेकायदा नाही हे कलम ५७ नुसार आरोपीनेच सिद्ध करायचे. त्यात १ एप्रिल २०२३ पासून अनुसूच्या ६ वरून ४ झाल्याने जुनी यादी पाठ असूनही उपयोग नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या गॅलऱ्यांत पिंजऱ्यात दिसणारा हिरवा पोपटही दुसऱ्या अनुसूचीतच आहे. वन विभागाची हेल्पलाइन : १९२६.