उरलेल्या काकवीचं काय करायचं?

शेअरिंगच्या फ्लॅटमधला कुठलाही फ्रीज उघडा. दारात केचप, सोया सॉस, सुकलेलं अर्धं लिंबू आणि या सगळ्यांच्या मागे एक बाटली. कधीकाळी कोल्ड्रिंकची, आता आत काळपट तांबडं, घट्ट असं काहीतरी. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘काकवी आहे, आईनं दिलीय.’ मग खात का नाहीस? ‘अरे, पोळीशी किती खाणार यार!’

मुद्दा बरोबर आहे. संक्रांतीच्या सुमारास गुऱ्हाळं जोरात असतात आणि गावाकडून येणारा प्रत्येकजण एक-दोन लिटर काकवी घेऊनच येतो. पहिला आठवडा कौतुकाचा. भाकरीवर, घावनावर, वर तुपाची धार... अहाहा! मग ऑफिसच्या डेडलाइन्स सुरू होतात, बाटली मागे सरकते आणि पावसाळ्यात कधीतरी झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज येतो. बाटली थेट कचऱ्यात. मंडळी, हे टाळता येतं. या वेळी त्याचाच फंडा.

आपलं मेपल सिरप

पॅनकेकवर मेपल सिरप ओतताना आपल्याला एकदम ग्लोबल वाटतं. पण काकवी ही त्याचीच देशी बहीण. तिकडे मेपलच्या झाडाचा पाण्यासारखा रस आटवतात, इकडे उसाचा. मेपलचा साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप मिळतं. आपला ऊस मुळातच गोड, त्यामुळे चार-साडेचार लिटर रसात काम होतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तर या सिरपचा राखीव साठा केला जातो, आणि २०११-१२ मध्ये त्यातून जवळपास तीन हजार टन सिरप चोरीला गेलं होतं! तिकडे सिरपसाठी गोदामं फुटतात, आपल्याकडे बाटली केचपच्या मागे पडून राहते.

गुऱ्हाळात रस मोठ्या काहिलीत उकळतो, खाली चुलवणात उसाचीच चिपाडं जळत असतात. मळी वर येते, ती काढत राहायची. पुढे आटवत नेलं, साधारण ११८ अंशांपर्यंत, की गूळ. त्याआधीच, १०५-१०६ अंशांच्या आसपास, काढून घेतली की काकवी. या बारा-तेरा अंशांच्या फरकातच साठवणुकीचं सगळं गणित आहे. काकवीत तीस ते पस्तीस टक्के पाणी शिल्लक असतं. गुळाची ढेप कोरडी राहिली तर वर्षभर टिकते, काकवी त्या भरवशावर सोडता येत नाही.

बाटलीत नेमकं काय बिघडतं?

तीन गोष्टी होतात, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

पहिली, तळाशी खडे दिसणं. ही साखर आहे. काकवी खराब झालेली नाही. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, खडे विरघळतील. (उकळत्या पाण्यात थंड काच ठेवू नका, तडकेल.)

दुसरी, आंबूस वास, बुडबुडे, फुगलेली प्लॅस्टिकची बाटली. ही यीस्टची करामत. काकवी घट्ट असेपर्यंत यीस्टचं फारसं चालत नाही. पण ओला चमचा गेला, झाकणाखाली वाफ धरून पाण्याचे थेंब पडले की वरचा थर पातळ होतो आणि काम सुरू. अशी काकवी टाकून द्या. काचेची बाटली असेल तर झाकण हळूहळू, तोंडापासून लांब धरून उघडा. आत दाब साठलेला असतो.

तिसरी, वर पांढरी-हिरवी बुरशी. पूर्वी वरचा थर काढून उरलेलं उकळून वापरायची पद्धत होती. ती विसरा. काही बुरशींची विषद्रव्यं उकळूनही जात नाहीत.

साठवायची कशी?

कोल्ड्रिंकची बाटली ही प्रवासापुरती. घरी आल्याच्या दिवशीच काकवी स्टीलच्या पातेल्यात (बिनकल्हईचं पितळ-तांबं नको) मंद आचेवर तापवा. पातळ वाटत असेल तर थोडी आटू द्या, उतू जाते म्हणून पातेलं मोठं घ्या. काचेच्या लहान बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरड्या करा आणि बाटली गरम असतानाच गरम काकवी गळ्यापर्यंत भरा. झाकण घट्ट लावून फडक्यात धरून मिनिटभर आडवी ठेवा, म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूलाही उष्णता लागते. ही युक्ती मेपलवाल्यांची, पण काकवीलाही लागू पडते.

लहान बाटल्या कशासाठी? एक मोठी बरणी रोज उघडली की रोज हवा, रोज चमचा. पाव लिटरच्या चार बाटल्या केल्या तर एक वापरात, तीन बंद. उघडलेली फ्रीजमध्येच. फार उरणार असेल तर एक फ्रीजरमध्ये टाका. ती बर्फासारखी दगड होत नाही, फक्त दाट होते. आणि प्रत्येक बाटलीवर तारीख लिहा, प्लीज.

आता संपवायची!

आधी एक हिशेब. एक कप काकवीत साधारण १०० मिली पाणी असतं. म्हणून गुळाच्या जागी काकवी घातली की रेसिपीतलं दूध-पाणी तेवढं कमी करायचं. आणि दूध उकळत असताना काकवी कधीही घालू नका, फाटतं. गॅस बंद करा, जरा निवू द्या, मग घाला. चहालाही हाच नियम.

दशम्या : मराठवाड्यातला प्रवासाचा डबा. दोन कप कणीक, अर्धा कप काकवी, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ, थोडे तीळ. लागेल तेवढंच दूध घालून घट्ट मळा. जाडसर लाटून मंद आचेवर भाजा, कारण साखर पटकन जळते. ट्रेकला, ट्रेनला, ऑफिसच्या पाच वाजताच्या भुकेला बेस्ट.

गव्हाची खीर : वेळ अमावास्येला मराठवाड्यात शेतात जेवणं होतात, तेव्हा ही हवीच. सडलेले गहू किंवा जाड दलिया कुकरला मऊ शिजवा, काकवी, सुंठ, ओलं खोबरं घालून एक वाफ आणा. दूध वाढताना, वरून.

राजगिऱ्याचे लाडू : एक कप काकवी पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी होईपर्यंत आटवा. चारेक वाट्या राजगिऱ्याच्या लाह्या आणि अर्धी वाटी शेंगदाण्याचा कूट घालून हाताला पाणी लावून भराभर वळा. चिक्कीचा हट्ट नको. काकवीची चिक्की कुरकुरीत राहात नाही, चिकट होते.

बॅचलर्ससाठी : लिंबाचा रस, काकवी, मोहरीची पूड, मिरपूड आणि तेल एका बाटलीत घालून हलवा, सॅलड ड्रेसिंग तयार. पनीर किंवा चिकन भाजताना शेवटच्या पाच मिनिटांत काकवीचा एक हात फिरवा. चिंचेच्या आमटीत गुळाऐवजी एक चमचा. उन्हाळ्यात कैरीच्या पन्ह्यात तर साखरेला हात लावायलाच नको.

‘साखर नाही, म्हणून चालते’?

नाही चालत. काकवीला चव आहे, थोडी खनिजं आहेत, पण मोठ्या चमचाभर (२० ग्रॅम) काकवीत साधारण १३ ग्रॅम साखर असतेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सुचवलेली कमी मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन चमच्यांत कोटा संपला. डायबिटीस असलेल्या बाबांना ‘नॅचरल आहे हो’ म्हणून आग्रह करू नका.

आणि ही बाटली येते कुठून?

बीडजवळचा नारायणगड अनेकांना ‘धाकटी पंढरी’ म्हणून माहीत आहे. आषाढीला तिथे मोठी गर्दी असते. बालाघाटच्या या डोंगराळ भागात पाणी कमी, शेती बरीचशी पावसाच्या भरवशावर. जिल्ह्यातला ऊस दिसतो तो मुख्यतः गोदावरीच्या बाजूला, गेवराई-माजलगावकडे. पण बीडची उसाशी खरी ओळख वेगळीच आहे. दिवाळीनंतर गावंच्या गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांचा ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजणीच हत्याराच्या नावानं. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळेतली पोरं.

या कामात खाडा परवडत नाही, पाळीचा दिवस असो की गरोदरपण. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची माहिती घेतली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. हा आकडा गोडधोडाच्या पानावर खटकतो, मान्य. पण साखरेच्या डब्यापासून काकवीच्या बाटलीपर्यंत सगळ्याची सुरुवात उसाच्या फडातच होते. एक किलो काकवीला साधारण सहा किलो ऊस लागतो. तो कुणीतरी पहाटेच्या थंडीत वाकून तोडलेला असतो, मोळी बांधून डोक्यावरून वाहिलेला असतो. काकवी वाया न घालवल्यानं त्यांची मजुरी वाढणार नाही, हेही खरं. त्यासाठी वेगळं बोलावं लागेल, मतं मागायला येणाऱ्यांना विचारावं लागेल. तोवर निदान आपल्या हातानं टाकून तरी देऊ नये.

जाता जाता : बाटली रिकामी झाली असं वाटतं तेव्हाही आत दोन चमचे असतात. त्यात कोमट पाणी घाला, लिंबू पिळा, सुंठ आणि मीठ चिमूटभर, झाकण लावून जोरात हलवा. सरबत तयार, आणि बाटली अर्धी धुतली गेली ती बोनस!