गॅरेज सजवताय? आधी वायरिंग बघा!

जुलै 2025 मध्ये एमजीची सायबरस्टर ही इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार भारतात आली. तेव्हापासून माझ्या मित्रांच्या ग्रुपवर गॅरेज सजावटीचीच चर्चा! चकचकीत इपॉक्सी फ्लोअरिंग, एलईडी पट्ट्या वगैरे. वायरिंगबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

साधं गणित करू. या गाडीची बॅटरी 77 किलोवॅट-तासांची आहे. 3.3 किलोवॅटने चार्ज केली तर रिकामी बॅटरी भरायला जवळपास अख्खा दिवस लागेल. 7.4 किलोवॅटच्या वॉल चार्जरवर दहा-अकरा तास. पण हा चार्जर रात्रभर सलग 32 अँपिअर करंट ओढतो. गिझरसारखा थोड्या वेळात बंद होत नाही. जुनी बारीक वायर अशाने तापते आणि आग लागू शकते.

म्हणून आधी वीजबिलावरचा मंजूर भार तपासा, कमी असेल तर वाढवून घ्या. मग मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, एमसीबी, आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. फरशी आणि रंग सगळ्यात शेवटी. माझ्या एका मित्राने उलटं केलं आणि नवी कोरी फरशी पुन्हा फोडावी लागली.

सध्या पेट्रोल गाडी असली तरी काम काढलंच आहे, तर एक रिकामा पाइप टाकून ठेवाच.