जुगाडाचे कौतुक किती करावे?

रात्री-अपरात्री शेतावर वीज येते. शेतकरी घरी झोपलेला असतो. पण विहिरीवरचा पंप आपोआप सुरू होतो आणि पाणी उसाच्या सरीतून धावू लागते. ही किमया ‘ऑटोस्विच’ नावाच्या एका लहानशा, स्वस्त उपकरणाची. आपल्या राज्यात शेतीला वीज मिळत आली ती बहुतांशी फेरपाळीने. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. अंधारात, थंडीत, साप-विंचवाच्या आणि अलीकडे बिबट्याच्याही भयात बांधावर जाण्यापेक्षा ही युक्ती बरी, असे शेतकऱ्याने ठरविले तर त्याला दोष कोण देईल? अशा युक्त्यांना आता ‘जुगाड’ म्हणतात. उत्तरेकडून आलेला हा शब्द मराठीत चांगलाच रुळला आहे.

परंतु या कथेला उत्तरार्धही आहे. विजेची मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह खेचते. एका रोहित्रावरचे सारे पंप एकाच क्षणी सुरू झाले की तो भार रोहित्राला पेलत नाही आणि ते जळते. मग दुसरे येईपर्यंत उभे पीक सुकते. स्विच लावणाऱ्याचे आणि न लावणाऱ्याचेही. ‘ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा’, असे आवाहन वीज कंपनी वर्षानुवर्षे करीत आली आहे. ते फारसे कोणी मनावर घेत नाही, याचे कारण अज्ञान नव्हे. त्यामागे सरळ हिशेब आहे. मी एकट्याने स्विच काढला, तर रात्रीचे जागरण तेवढे माझ्या वाट्याला येईल. रोहित्र शेजाऱ्यांच्या स्विचांमुळे जळायचे ते जळणारच. शहरात नळाला थेट मोटार जोडून पाणी खेचणाऱ्याचा युक्तिवादही हाच असतो आणि गल्लीच्या टोकाचे घर कोरडे राहते. प्रत्येकाच्या शहाणपणाची बेरीज सर्वांच्या शहाणपणाइतकी भरत नाही, हा अर्थशास्त्रातील जुनाच धडा येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

असे असूनही गेल्या काही वर्षांत जुगाडाला मोठी प्रतिष्ठा लाभली. २०१२ साली ‘जुगाड इनोव्हेशन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून या शब्दाचा गौरव होऊ लागला. त्यात अभिमानास्पद काही नाही असे नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावणाऱ्या पिढ्यांनी आपल्याला वस्तूंचा आदर शिकविला. गल्लत होते ती पुढे. टंचाईतून काढलेल्या वाटेलाच आपण राष्ट्रीय गुण मानू लागलो, म्हणजे टंचाई का आहे, हे विचारायचे राहून जाते.

पाणी उपसण्याचे डिझेल इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून बनविलेल्या गाडीलाच उत्तर हिंदुस्थानात ‘जुगाड’ म्हणतात. तिला ना नोंदणी, ना विमा. हेदेखील मोटार वाहनच असून कायद्याच्या अटी त्यालाही लागू आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला. तो योग्यच होता. कारण अशा गाडीखाली सापडलेल्याने भरपाई कोणाकडे मागावी? मात्र, स्वस्त आणि खात्रीचे वाहन मिळत नाही म्हणून माणसे त्या सांगाड्यावर चढतात, ही गोष्ट निकालपत्राने बदलत नाही.

याउलट, १९६८ मध्ये जन्मलेल्या ‘जयपूर फूट’चे उदाहरण पाहावे. रामचंद्र शर्मा या कारागिराची कल्पकता आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांचे अस्थिशास्त्राचे ज्ञान एकत्र आले. मांडी घालून बसता यावे, अनवाणी चालता यावे, ही आपल्या माणसांची गरज त्यांनी ओळखली आणि रबराचा स्वस्त कृत्रिम पाय घडविला. पण हे काम एका रुग्णाची तात्पुरती सोय करून थांबले नाही. ते सुधारत गेले आणि १९७५ पासून संस्थेच्या रूपाने असंख्य गरजूंपर्यंत पोहोचले. युक्ती आणि विद्या यांची अशी गाठ पडली, तरच जुगाडाचे शोधात रूपांतर होते.

खरी चिंता वाटते ती शासनच जुगाड करू लागते तेव्हा. पद रिक्त ठेवून त्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’ शेजारच्या मेजावरील लिपिकाकडे सोपविणे, महाविद्यालयातील जागा न भरता तासिका तत्त्वावर अध्यापकांकडून वर्षे ढकलणे, हा जुगाड नव्हे तर काय? शेतकऱ्याचा जुगाड अगतिकतेतून येतो. शासनाचा मात्र जबाबदारी टाळण्यातून. ‘गरीब देशाला याहून अधिक काय परवडणार?’ असे यावर विचारले जाते. परंतु तात्पुरती सोय स्वस्त वाटते, कारण तिची किंमत दुसराच कोणी मोजत असतो. जळलेले रोहित्र, थकलेला लिपिक, दर वर्षी नव्या नेमणुकीची वाट पाहणारा अध्यापक आणि अर्धवट शिकलेला विद्यार्थी यांचा हिशेब अंदाजपत्रकात मांडला, तर हा मार्ग महागच ठरेल.

शेतीला दिवसा वीज देण्याच्या हेतूने राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. अशी योजना शिवारापर्यंत किती भरवशाने पोहोचते, यावरच तिची परीक्षा व्हावी. कारण दिवसाची वीज वेळेवर येऊ लागली, की ऑटोस्विच काढा म्हणून कोणाला परिपत्रक काढावे लागणार नाही. शेतकरी तो स्वतःच काढून फेकून देईल.