बातमीलाही नुकसानीची पातळी असते



कपाशीवर एक पतंग दिसला म्हणून आपण लगेच पंप पाठीला लावत नाही. निदान लावू नये, असे आम्ही शिवारफेरीत सांगत आलो आहोत. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावायचे, रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी ८ पतंग आले, किंवा फुला-बोंडांचे नुकसान १० टक्क्यांवर गेले, की मगच औषध घ्यायचे. यालाच आपण आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतो. त्याआधी फवारले तर औषध वाया, मजुरी वाया आणि मित्रकीटक मरतात ते वेगळेच.

पिकाला हा नियम लावणारे आपण मोबाईलवरच्या बातमीला मात्र तो लावत नाही. धार काढायच्या आधी व्हॉट्सअॅप उघडायचे. निर्यात, कर्जमाफी, आरक्षण, अतिवृष्टी, अमक्या पुढाऱ्याचे भाषण, तमक्याचे उत्तर, जे येईल ते वाचायचे आणि प्रत्येक ओळीला जीव घाबरा करून घ्यायचा. रात्री अकराला पाणी धरायला उठलेला माणूस बारे देऊन झाल्यावरही बांधावर बसून बोट सरकवत राहतो. मग झोप नाही. सकाळी डोके जड, घरात चिडचिड, आणि त्याच डोक्याने माल विकायचा की ठेवायचा हा निर्णय. ही रोजची फवारणी झाली. कीड किती आहे ते कुणी मोजलेच नाही.

बातम्या बघू नका, राजकारण सोडा, असे आमचे म्हणणे नाही. दिल्लीत एक कागद निघाला की पिंपळनेरच्या मार्केटात कांद्याचा भाव हलतो, हे आपल्या साक्री तालुक्याला शिकवायला नको. सरकारकडे शेतकऱ्याचे लक्ष असलेच पाहिजे. पण लक्ष ठेवणे वेगळे आणि घोर लावून घेणे वेगळे.

कांद्याचेच बघा. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. मुदत होती ३१ मार्च २०२४. मध्येच १८ फेब्रुवारीला बंदी उठल्याची बातमी सुटली. मोबाईल वाजायला लागले, बाजार समित्यांत भाव चढले. दोनच दिवसांत केंद्राचा खुलासा आला की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत कायम आहे. चढलेल्या भावाचा आधारच गेला. पुढे मार्चमध्ये बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली. ती प्रत्यक्ष उठली ४ मे २०२४ रोजी, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले.

आता हिशेब करा. काही देशांना थोडा थोडा माल पाठवायच्या परवानग्या सोडल्या, तर जवळपास सोळा महिन्यांत आपल्या कामाचे मोठे निर्णय झाले पाच. आणि कांद्यावर मोबाईलवर मेसेज किती आले? ज्याचे त्याने आठवावे. पाच कागदांसाठी आपण सोळा महिने रोज झोप मोडली. ज्याने रोज शंभर मेसेज वाचले त्याला जास्त भाव मिळाला, असेही कुठे दिसले नाही. तो फक्त जास्त दमला.

भावाचे नुकसान एक वेळ भरून निघते. घाबरलेल्या डोक्याने होणारे काही नुकसान मात्र भरून येत नाही. आपल्या जिल्ह्यातले राईनपाडा कुणी विसरू नये. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आधीपासून फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपण गावाचे भले करतोय असेच वाटले असेल. भीती अशीच वागते. ती खरे-खोटे बघायला थांबत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने मर्यादा घातली. आपण आपल्या बोटाला किती घातली?

राजकारणाची तर तऱ्हाच वेगळी. २०१९ ते २०२३ या चार-पाच वर्षांत राज्यात आघाड्या मोडल्या, नव्या झाल्या, दोन मोठे पक्ष फुटले. कालचे विरोधक आज एका व्यासपीठावर बसले. वरचे लोक जुळवून घेतात, तो त्यांचा धंदा आहे. पण गावच्या ग्रुपवर त्यांच्यासाठी भांडलेले दोन शेजारी अजून एकमेकांच्या बांधावर पाय ठेवत नाहीत, असे चित्र कितीतरी गावांत आहे. आरक्षणाच्या प्रश्नावर तर पिढ्यान् पिढ्यांची सावड तुटायची वेळ आली. प्रश्न खरा आहे, तो ज्याने त्याने सनदशीर मार्गाने मांडावाच. पण रात्री-अपरात्री सापाचे पान लागले तर गाडी काढणारा शेजारीच असतो. तो आपला मित्रकीटक आहे. फालतू फवारणीत तो मारू नका.

मग करायचे काय? आम्ही विस्ताराचे काम करणारी माणसे, तेव्हा शिफारस दिल्याशिवाय उठत नाही.

पहिले, वेळ बांधा. बातमी दिवसातून दोनदा बघा, सकाळचे काम उरकल्यावर एकदा आणि दिवेलागणीला एकदा. मध्ये बघितल्याने भाव बदलत नाही. ग्रुपचा आवाज बंद करता येतो, आठ तासांसाठी, आठवड्यासाठी किंवा कायमचा. घरातल्या पोराला सांगा, एका मिनिटात करून देईल. झोपताना मोबाईल उशाशी नको, देवळीत ठेवा.

दुसरे, मोजा. मेसेज आला की तीन गोष्टी बघा: तारीख कोणती, कागद कुणाचा, आणि यावर मला या आठवड्यात काही करायचे आहे का? वर दोन बाण दिसले तर तो मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलेला आहे, सावध व्हा. शासन निर्णय म्हणून फोटो आला तर त्यावर संकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. पावसासाठी हवामान खात्याचा अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला धरा, अमक्या तारखेला प्रलय सांगणारा माणूस नको. शेतीच्या शंकेला किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, फुकट. तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले नाही तर मेसेज पुढे पाठवू नका आणि मनातही ठेवू नका.

तिसरे, काळजीला काम द्या. निर्णय खरोखर आपल्या विरोधात गेला असेल तर ग्रुपवर शिव्या लिहून तो बदलत नाही. ग्रामसभेत उठून बोला, ठराव करून घ्या, आमदार-खासदाराला सह्यांचे निवेदन द्या, मतदानाला ध्यानात ठेवा. आणि ज्या गोष्टीत यातले काहीच करता येत नाही, तिच्यासाठी रात्र जागणे म्हणजे दुसऱ्याच्या रानाला आपल्या विहिरीचे पाणी देणे आहे.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि पोलीस पाटील यांनाही एक विनंती. गावाचा एक ग्रुप असा ठेवा की ज्यात फक्त अॅडमिनच लिहू शकेल. तशी सोय व्हॉट्सअॅपमध्ये आहे. त्यावर पाणी, वीज, अनुदान, पंचनामे, शिबिरे एवढेच टाका, कागदासह टाका, आणि वेळेवर टाका. खरी माहिती उशिरा आली की ती जागा अफवा घेते. गावात खोटा मेसेज फिरायला लागला तर त्याच दिवशी खुलासा करा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लिहा. मोबाईल नसलेली म्हातारी माणसे ऐकीव गोष्टीनेच जास्त घाबरतात.

शेवटचे आणि महत्त्वाचे. आठ-पंधरा दिवस झोप नाही, अन्नावर वासना नाही, रानात जावेसे वाटत नाही, सगळे संपले असेच मनात येते, असे कुणाचे झाले तर ते नुसते बातम्यांचे वेड समजून हसण्यावारी नेऊ नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहे. टेली मानस ही सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. फोन लावायला संकोच वाटत असेल तर घरच्यांनी लावून द्यावा. आणि अशा घरात फवारणीची औषधे कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. अमुक शेतकरी खचलाय हे गावात चार जणांना आधी कळते. त्या चौघांपैकी एकाने मोबाईल खिशात ठेवून त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे, चहा घ्यावा, ऐकून घ्यावे.

उद्या सकाळी सापळ्यातले पतंग मोजायला जाल, तेव्हा आदल्या दिवशीचे मेसेजही मोजा. त्यातले कामाचे किती निघाले ते वहीत लिहा. आठ दिवस एवढे केलेत, तर कोणता ग्रुप ठेवायचा आणि कोणता उपटायचा, हे तुम्हाला कुणी सांगायला लागणार नाही.